शोभिवंत बाजू इंजिनाकडे

१ मार्च, रविवार

स्वस्ति श्री! निरोपसमारंभ-मानपत्रलेखक-चक्रवर्ती, गृहस्थाश्रमभार-धुरंधर, मधुमेह-प्रथमसोपानारूढ, एकद्वार-गॅरेजाधिपती, रक्तवर्ण-द्विआसनी-रथस्वामी (रथ नादुरुस्त) असे जे आम्ही, त्यांनी आज सूर्योदयानंतर बऱ्याच वेळाने, न्याहारी दोनदा आटोपून, स्वगृहीच्या गॅरेजात इंजिनोत्पाटनाचा शुभारंभ केला.

म्हणजे जुने इंजिन काढले. म्हणजे जावईबापूंनी काढले. आम्ही उजेडासाठी बॅटरी धरली.

ही स्पोर्ट्स कार मी ऐन तारुण्यात घेतली, तेव्हाच ती दुसऱ्या कुणाच्या तारुण्यातून निवृत्त झालेली होती. सहा वर्षांपूर्वी इंजिन जाम झाले. तेव्हापासून तिचा उपयोग एकच — सौ. तिच्या टपावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. आता भंगारवाल्याकडे याच जातीची एक गाडी मिळाली आहे. मागून चेपलेली, पण इंजिन ठणठणीत. ते शनिवारी येईल.

खरा हेतू मात्र रथ नव्हे. जावईबापूंची कंपनी बंद पडली. तेव्हापासून ते आणि कन्या आमच्या वरच्या खोलीत राहतात. 'घरजावई' हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. तो जेवताना पाचव्या माणसासारखा पाटावर बसलेला असतो. माझा शाळासोबती भोंगा — आवाजामुळे भोंगा, आजतागायत भोंगा — याचे मोठे वर्कशॉप आहे. त्याला इंजिनजोडणीसाठी माणूस हवा आहे. मी शब्द टाकला.

"पंडिता," भोंगा म्हणाला, "तुझ्या शब्दांवर मी गाड्या सोडत नसतो. त्याला तुझंच इंजिन बसवू दे. सुरू करायच्या दिवशी मी येतो. चाललं, तर दुसऱ्या दिवसापासून कामावर!"

जावईबापूंना सांगितले. तासभर बेसूर शिटी वाजवत होते. आनंदाचीच असावी.

२ मार्च

कंबर! बॅटरी धरून धरूनसुद्धा.

७ मार्च, शनिवार

नव्या — म्हणजे परकीय — इंजिनाचे आगमन. टेम्पोतून, दोरखंडबद्ध, एखाद्या पदच्युत नृपतीसारखे. दिवसभर रॉकेल आणि ब्रश. जावईबापूंची एक लकब आज लक्षात आली: ते गंजलेल्या बोल्टशी बोलतात. "या साहेब, या. किती वेळ बसणार? सुटा की." आणि साहेब सुटतात! मी आयुष्यभर साहेबांशी बोललो, एक सुटला नाही.

गृहस्थ मनाने उमदा. हाताबाबत मात्र घरात लौकिक बरा नाही. मागे स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला गेले आणि दिवाणखान्यापर्यंत जलाभिषेक झाला. कन्या अजून काढते. आजही चहा देताना म्हणाली, "इंजिनात पाणी कुठून येतं ते आधी बघून ठेव हं." सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने मी.

८ मार्च, रविवार

आज आम्ही स्वहस्ते, अन्यनिरपेक्ष, एक यांत्रिक कार्य तडीस नेले! सविस्तर लिहितो, भावी पिढ्यांना उपयोगी पडेल.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट नावाची थाळीएवढी चकती असते. पेडल दाबले की ती सुटते, मग गिअर पडतो. जावईबापू चुकीच्या मापाचे गॅस्केट बदलून आणायला दुकानात गेले होते. जाताना म्हणाले, "बाबा, क्लचला हात लावू नका. मी आलो की दोघं मिळून बघू." सौ. आणि कन्या खरेदीला. घरात मी, इंजिन आणि चकती.

चकतीची एक बाजू सपाट, नीरस. दुसरीच्या मधोमध उंचवटा, भोवती स्प्रिंगांचे कडे. अलंकारच जणू! कोणती बाजू कुठे? एकतीस वर्षे व्यासपीठे सजवली आहेत. शोभिवंत बाजू नेहमी प्रमुख पाहुण्याकडे. या समारंभातला प्रमुख पाहुणा कोण? इंजिन. प्रश्न मिटला. बसवली. वरून झाकण आवळले. जरा जड गेले, पण शुभकार्यात थोडा विरोध होतोच.

जावईबापू आले, पाहिले.

"बाबा, थांबायचं ठरलं होतं ना?"

"मुहूर्त टळत होता."

"बाजू बघितलीत ना? त्यावर लिहिलेलं असतं."

"बघितली? अहो, न्याहाळली!"

"एकदा खोलून बघू का? पाच मिनिटांचं काम आहे."

मी हातातला पाना खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. पण ऐकू जाईल अशा बेताने. म्हणालो, "विश्वास नसेल तर खोला."

त्यांनी नाही खोलले. योग्यच. संध्याकाळी गिअरबॉक्सही चढला.

१४ मार्च, शनिवार

साखळीच्या कप्पीने इंजिन उचलून खाली सोडले. माउंटिंगवर बसताना एक घनगंभीर 'ठक्' झाला — सर्वांगावर काटा! वायरिंग, रेडिएटर, नळ्या, तेल, सर्व सिद्ध. भोंग्याला उद्याचे आमंत्रण. जावईबापू जेवले नाहीत. बॅटरी घेऊन पुन्हा गॅरेजात गेले.

१५ मार्च, रविवार

लिहावेसे वाटत नाही. लिहितो.

सौ. आणि कन्या पायरीवर. भोंगा खुर्ची ओढून मधोमध. जावईबापूंनी चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले! तो आवाज मी सहा वर्षांनी ऐकला. कन्येने टाळ्या वाजवल्या. भोंगा डोळे मिटून ऐकत होता, मान हलवत होता. "झकास," म्हणाला.

मग गिअर. कर्रर्र! पुन्हा कर्रर्र!

"क्लच पूर्ण दाब की!" भोंगा ओरडला.

"पूर्णच दाबलाय."

इंजिन बंद केले, गिअर टाकला, क्लच दाबून पुन्हा चावी फिरवली. गाडीने उडी मारली ती थेट पाण्याच्या पिंपावर. एक दिवा फुटला. भोंग्याची खुर्ची थोडक्यात वाचली.

भोंगा उठला. पेडल हाताने दाबून पाहिले, वाकून कान दिला. "क्लचप्लेट उलटी बसवलीय," म्हणाला. "कुणी बसवली?"

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मी फुटलेल्या दिव्याकडे पाहत होतो. तोंड उघडले. तोंडातून आले ते असे — "हिची काच मिळेल का रे आता?"

जावईबापू म्हणाले, "माझ्याकडून बघायचं राहिलं."

"हे बघायचं राहून चालत नाही, बाबा रे. गिऱ्हाईक चढावावर असतं." भोंगा हे हळू म्हणाला. हळू, म्हणजे कोपऱ्यावर ऐकू गेले असेल.

कन्या आत निघून गेली.

फाटकाशी भोंग्याने माझा खांदा थोपटला. "वाईट वाटून घेऊ नको. पोरगा चांगला आहे. पण हात नाही त्याला."

मी मान डोलावली.

१६ मार्च

डोलावली. कुणी विचारलेही नव्हते.

१८ मार्च, बुधवार

आज सांगायचेच, असे ठरवून उठलो. चहाला जावईबापू समोर होते. मी म्हणालो, "आज हवा बरी आहे." ते म्हणाले, "हो." पुढे दोघांनी बिस्किटे खाल्ली.

दुपारी कचेरीत निवेदनाचा मसुदा केला. 'आमच्या हस्ते संपन्न झालेल्या जोडणीप्रसंगी अनवधानाने काही विपर्यास घडून आला असल्याचे निदर्शनास आले आहे.' वाचून पाहिले. यात चूक आहे, दिलगिरी आहे, एकूण वातावरण मंगल आहे. फक्त मी कुठे नाही. इतकी वर्षे हेच तर करत आलो — 'चूक झाली' असे शेकडो वेळा लिहिले. झाली! पाऊस झाला तशी. फाडून टाकला.

घरी आलो तर जिन्यातून वरचे ऐकू येत होते. कन्या: "नळ झाला, आता इंजिन. बाबांनी किती आशेने शब्द टाकला होता! त्यांचं तोंड बघितलंस का तेव्हा?" जावईबापू: "बघितलं."

इतकेच म्हणाले. बघितलं.

मी जिन्यात एक पाय वर, एक खाली. दोन पायऱ्या चढून सांगता आले असते. दोन पायऱ्या उतरलो.

सौ. म्हणाल्या, "अहो, चेहरा का असा?" म्हटले, आम्लपित्त. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. समोर उभ्या राहून चावायला लावल्या.

१९ मार्च

पुन्हा गोळ्या.

२२ मार्च, रविवार

इंजिन पुन्हा बाहेर. सगळे काम उलट्या क्रमाने. जावईबापू आज बोल्टशी बोलले नाहीत.

झाकण सुटले. चकती निघाली. त्यांनी ती फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. सपाट बाजूवर ठसठशीत कोरलेले — ही बाजू इंजिनाकडे. आजवर अक्षरांवर जगलो! चष्मा कपाळावर होता त्या दिवशी. खाली ओढायचा कंटाळा केला होता.

"जावईबापू," मी म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

ते फ्लायव्हील — चकती जिथे टेकते ते इंजिनाचे जड चाक — पुसत होते. "मला वाटलं, तुम्ही बोलाल."

आवाजात राग असता तर बरे झाले असते. गॅस्केट विसरलात का, असे विचारावे तसे म्हणाले. मग चकतीकडे बोट दाखवले. "बसवा. मी बॅटरी धरतो."

चष्मा लावला. वाचले. पुन्हा वाचले. बसवली. चकती मधोमध यायला वेळ लागला. त्यांनी एकदाही "द्या इकडे" म्हटले नाही.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी भोंग्याला फोन. मसुदा नाही. "क्लचप्लेट मी बसवली होती. त्याने थांबायला सांगितलं होतं. नंतर खोलून बघू म्हणाला, तेही मी करू दिलं नाही."

भोंगा या वेळी खरोखरच हळू म्हणाला, "पंडिता, तू शेजारी उभा होतास रे."

"हो."

"आणि काचेचं विचारत होतास."

"हो."

"सोमवारपासून पाठव त्याला."

रात्रीच्या जेवणाला तेच तीन वाक्यांत सांगितले. सौ.चा डाव हवेतच राहिला. "आणि मी तुम्हाला गोळ्या चारत होते!" कन्या आधी नवऱ्याकडे वळली, "तू का नाही सांगितलंस?" ते म्हणाले, "भाजी वाढ ना जरा." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, इतके दिवस मी त्याला —" ताट घेऊन उठली.

तथापि! प्रायश्चित्तविधी यथासांग पार पडला, दोषपरिमार्जन झाले, नोकरी निश्चित झाली! कन्येचा रोष कालांतराने शमेल. पापक्षालनोत्तर-प्रसन्नवदन, सत्यवचन-विलंबित-महारथी अशा आमचा आजचा दिवस सार्थकी लागला. भोंग्याचा निरोप जावईबापूंना दिला तेव्हा ते "बघतो, बाबा" म्हणाले. 'बघतो' काय? संकोची स्वभाव!

२९ मार्च, रविवार

इंजिन सुरू. गिअर अलगद पडला. प्रेक्षक कोणी नव्हते, बोलावलेच नव्हते.

जावईबापू कन्येला शेजारी बसवून चक्कर मारायला गेले. परत आल्यावर इंजिन बंद करून दोघे फाटकाशी गाडीतच कितीतरी वेळ बोलत बसली होती. खिडकीतून दिसत होते. मी पडदा ओढला.

३० मार्च, सोमवार

जावईबापू वर्कशॉपला गेले नाहीत. वरच्या खोलीत सामान सरकवल्याचे आवाज. विचारले नाही. काय म्हणून विचारू?

५ एप्रिल, रविवार

आज सकाळी दोघे गेली. भोंग्याला त्यांनी त्याच मंगळवारी, जेवणानंतर, नकार कळवला होता. मला तो भोंग्याकडून कळला. त्यांनी स्वतः शोधलेली नोकरी दुसऱ्या गावी आहे, रात्रभराचा प्रवास. मी म्हणालो, इथे घरच्यासारखे काम होते, ओळखीचा माणूस होता. जावईबापू म्हणाले, "म्हणूनच, बाबा. तिथं कुणी ओळखीचं नाही. चुकलं तर माझंच चुकेल." कन्या सौ.च्या गळ्यात पडून रडली. मला "गोळ्या वेळेवर घ्या" म्हणाली. कोणत्या, ते मी विचारले नाही.

सामानाचा टेम्पो गेल्यावर गाडी आत घ्यावी म्हणून बसलो. आसन जावईबापूंच्या पायांच्या मापाने शेवटपर्यंत मागे सरकवलेले आहे, आणि खटका अडकला आहे. तेल घातले, ठोकले, पाठीशी दोन उशा घेतल्या. पाय क्लचपर्यंत पोचत नाही. गाडी अजून रस्त्यावरच आहे, आणि शेजारी दोनदा येऊन विचारून गेले, कधी हलवता म्हणून.