संत ख्रिस्तोफरचं तोंड

प्रिय एमोट,

येशूच्या कृपेने मी बरा आहे. अक्षर पाद्री सायमनबाबांचं आहे, कारण परांचीवरून घसरलो आणि उजव्या हाताला थोडं लागलं. बोटं अजून मिटत नाहीत, पण मिटतील.

इथल्या चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर संत ख्रिस्तोफर रंगवतोय, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. पाण्यातले मासे सगळ्यांना आवडले. सकाळी त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, म्हणून ते झालं का बघायला गावकरी रोज दारातून डोकावतात. मी मात्र तोंडच शेवटी ठेवलं होतं. सायमनबाबा म्हणाले, "अरे शहाण्या, जे बघायचं तेच काढलं नाहीस, मग पडणार नाहीस तर काय?"

घरी बाबांचा खोकला कसा आहे? चर्चपर्यंत चालवतं का त्यांना? बकरी व्यायली का?

बाबांसाठी खाली ख्रिस्तोफरचं तोंड काढलंय. उठल्या उठल्या त्यांना दाखव, आणि तूही बघत जा. नाक वाकडं आलंय, डाव्या हाताने एवढंच जमलं. भिंतीवरच्याला अजून तोंड नाही. जे आहे ते तुमच्याकडे पाठवलंय.

तुझाच,
हेमंड