काळजीवाहकाचं नाव

३ नोव्हेंबर
नवी नोकरी लागली! माजी सैनिकांच्या घरी जायचं, घरी येणारी नर्स, मालीश, व्यायाम हे सगळं त्यांच्या हक्काचं आहे हे समजावायचं आणि फॉर्म भरून घ्यायचा. ऑफिस हिंदमाताला, साड्यांच्या दुकानावर. पहिलंच घर डिलाईल रोडच्या चाळीतलं. निवृत्त नाईक कुशाबा सहा वर्षं अर्धांगवायूने खाटेवर, वाचाही गेलेली. डॉक्टर म्हणतात, हृदय मात्र ठणठणीत. त्यांना उचलून उचलून बायको शेवंतीबाई कमरेतून वाकल्यात. या सेवेबद्दल त्यांना आजवर कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी तासभर सांगितलं. चहा मिळाला. खाटेजवळच्या रिकाम्या स्टुलासमोरही एक कप ठेवला होता.

७ नोव्हेंबर
फॉर्म परत आला. म्हणे फोटो जुना.

११ नोव्हेंबर
पुन्हा परत! ‘काळजीवाहकाचं नाव’ हा रकाना रिकामा आहे म्हणून. अरे, काळजी घ्यायला माणूस नाही म्हणून तर फॉर्म भरतोय! शेवंतीबाई म्हणाल्या, रमाकांत लिही. “त्यो हाय ना बसलेला.” स्टुलावर कुणीच नव्हतं. शेजारच्या प्रितीने सांगितलं, रमाकांत म्हणजे कुशाबांचा पलटणीतला दोस्त. पहिल्या दिवसापासून उशाशी बसला. पहाऱ्यावरचा जवान बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही, म्हणायचा. पाच वर्षांपूर्वी त्याच स्टुलावर बसल्या बसल्या वारला. ऑफिसातल्या हितेंद्र सरांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, कुणाचंही टाक ना. सिस्टिम रिकामं घेत नाही.” डोकं फिरलं माझं.

१२ नोव्हेंबर
वैतागून माझंच नाव टाकलं. अक्षदा. फॉर्म पाच मिनिटांत पुढे सरकला. एवढंच होतं, तर इतके दिवस—

१४ नोव्हेंबर
पोचपावतीवर कुशाबांचा अंगठा घ्यायला गेले. शेवंतीबाई म्हणाल्या, रमाकांत परवा सलाम ठोकून निघून गेला. आणि सहा वर्षं मुके असलेले कुशाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “बदली आली.” अंगठा घ्यायला स्टुलावर टेकले. आता उठता येत नाही.

१५ नोव्हेंबर
पाय दिसतात, हलत नाहीत. ओरडले. प्रिती आली, शेवंतीबाईंशी बोलली, गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवंतीबाईंनी चहा ठेवला — माझ्यासमोर.

१९? २०?
फोन मेला. भूक नाही. ती नर्स कुठे मेली? ऑफिसातून कुणीतरी येईलच — यायलाच हवं —

तारीख माहीत नाही
आली! इरावती, माझ्या जागी लागलेली. शेवंतीबाईंनी माझ्याकडे बोट केलं. तिने रिकाम्या जागेकडे बघावं तसं बघितलं, हसली. भरलेला रकाना बघून तर खूशच झाली. म्हणाली, घरात काळजी घ्यायला माणूस आहे, म्हणजे नर्स लागत नाही. केस बंद करते, आता इथे कुणी यायला नको.
इरावती, खोड ते. माझं नाव खोड — अगं, मी इथे — तिने शिक्का काढला — इराव