राहणार भिलाई

३ मार्च

टेस्ट सिरीजचा नववा पेपर. फिजिक्समध्ये पुन्हा माती खाल्ली. झूलॉजी, बॉटनी ठीक. केमिस्ट्री बरी. फिजिक्सचं पान उघडलं की डोकं बंद होतं, तीन वर्षं हेच चाललंय.

पहिल्या वर्षी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली तेव्हा लोक विचारायचे, "कितने आए?" दुसऱ्या वर्षी, "अब की बार पक्का ना?" या वर्षी कुणी विचारत नाही. न विचारणं जास्त झोंबतं.

बी.एस्सी. म्हणजे घरात रिकामी बसू नये म्हणून लावलेलं औषध. वर्गातल्या निम्म्या पोरी तशाच. झूलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "तुम लोग तो यहाँ वेटिंग रूम में बैठी हो." सगळ्या हसल्या. मीही हसले.

(हे मराठीत लिहिते कारण माझी मैत्रीण दीप्ती माझी प्रत्येक वही उघडते. अक्षरं वाचता येतात तिला, कळत काही नाही. आईला कळेल, पण आई दुसऱ्याची वही उघडत नाही.)

१९ मार्च

बाबांची सेकंड शिफ्ट. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनला निघण्याआधी दारात उभे.

"अभ्यास करून राहिली का?"
"हो."
"जेवली?"
"हो."

एवढंच. मग बूट घालत आईशी नेहमीचा वाद. बाबा येत्या फेब्रुवारीत रिटायर. क्वार्टर सोडावं लागेल. आईला इथंच, कुरुदच्या प्लॉटवर घर बांधायचंय. बाबांना गावी जायचंय. गाव म्हणजे तुमसरजवळचं, भंडारा जिल्ह्यातलं.

आई : "तीस वर्सं झाले इथं. तिथं आपल्याले आता कोन वळखते?"
बाबा : "गाव ते गावच असते."

प्लांटच्या कागदांवर बाबांचं 'होम टाउन' अजून गावच आहे, म्हणून सुट्टीच्या प्रवासाचं भाडं फक्त तिथलंच मिळतं. बाकीचे लोक कुठे कुठे फिरून येतात, फोटो टाकतात. आम्ही दर वेळी तुमसर रोडला उतरतो. रेशनकार्डावर आमची नावं अजून मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या घरात. मी त्या घरात आयुष्यातले सगळे मिळून सहा महिनेही राहिलेली नाही.

२७ एप्रिल

आठवडा उरला. एकच पान चार वेळा वाचलं. मानेवर पुरळ आलंय. आई म्हणते गर्मी. गर्मी नाही ती.

नाही झालं तर काय, असं मागच्या पानावर लिहून खाली एक, दोन, तीन आकडे टाकले. पुढे काही सुचलं नाही. फाडून टाकलं.

४ मे

झाला पेपर.

चेकिंगवाल्या बाईंनी मनगटावरचा आईनं बांधलेला दोरा कात्रीनं कापला. "बेटा, नियम है," म्हणाल्या. बऱ्या होत्या.

फिजिक्समध्ये सात प्रश्न सोडले. की आठ.

बाबा गेटबाहेर पूर्ण वेळ उभे. शेजारी सगळे झाडाखाली, हे उन्हात. हातात छत्री, बंद.
"कसा गेला?"
"गेला."
मग स्कूटरवर बसून घरी.

१६ जून

लागला.

ऑल इंडियातून नाही. पण राज्याच्या कोट्यातून मिळू शकेल. मागच्या वर्षीच्या शेवटच्या नंबराच्या मी आत आहे. दीप्तीचे माझ्यापेक्षा अकरा मार्क कमी, तीही काठावर आत. फोनवर दोघी किंचाळलो.

आई रडली. बाबांनी कॅलेंडरकडे बघत विचारलं, "म्हंजे झालं?" मी म्हटलं, जवळपास. त्यांनी 'जवळपास' ऐकलंच नाही. पहिल्या शिफ्टला पेढ्यांचा डबा घेऊन गेले.

मला तासभर काहीच वाटलं नाही. मग तीनदा तोंड धुतलं.

२ जुलै

काउन्सेलिंगसाठी छत्तीसगडचा निवासाचा दाखला लागतो. गेली दोन वर्षं तिथपर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून काढलाच नव्हता.

बाबांनी रात्रपाळी करून आल्यावर, न झोपता, फाइल लावली. जन्म इथला, शाळा इथली, बारावी इथली. सगळे कागद तारखेनं. बाबांना कागद नीट लावायची भारी हौस. आणि सगळ्यात वर, लॅमिनेट केलेला, एक दाखला.

तहसीलच्या बाबूनं फाइल उघडली. वरचाच कागद बघितला.

"ये क्या है?"
बाबा अभिमानानं : "डोमिसाइल है साहब. महाराष्ट्र का."
"तो फिर यहाँ का क्यों माँग रहे हो? एक आदमी दो जगह का कैसे होगा?"

त्यानं अर्जातली एक ओळ बोटानं दाखवली. घोषणापत्र : मी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा निवासाचा दाखला घेतलेला नाही. खाली अर्जदाराची आणि पित्याची सही.

फाइल परत. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "पहले वो वाला रद्द कराइए, आदेश लाइए."

स्कूटर सुरू करायला बाबांना पाच किका लागल्या.

३ जुलै

हा कागद कसा आला ते आज कळलं. म्हणजे आठवलं. दहावीनंतरच्या दिवाळीत गावी गेलो होतो. बाबा मला आणि मोठ्या बाबांना घेऊन तुमसरला गेले होते. फोटो काढला, अंगठा घेतला. मला वाटलं होतं आधारचं काही असेल. रेशनकार्डावर नाव होतं, गावात सगळे ओळखीचे, काम झालं. बाबांना वाटलं, मुलगी नागपूरला डॉक्टर होईल. पण तिथल्या कोट्याला दहावी-बारावीही तिथलीच लागते, हे कुणाला विचारलंच नाही. म्हणजे तिथं तो दाखला असून उपयोग नाही. आणि इथं तो आहे म्हणून इथला नाही.

मी बोलले. खूप बोलले. "तुमच्या गावानं माझं वाटोळं केलं. तीन वर्षं मी काय खड्डा खोदत होते का?" असं.

आई म्हणाली, "बापाशी असं बोलते का?"

 बाबा टोमॅटो चिरत होते, चिरत राहिले. सगळे चिरून झाले तरी सुरी हातातच होती.

मला लाज वाटतेय आणि राग गेलेला नाही. दोन्ही.

५ जुलै

दीप्ती : "पागल है क्या? लिख दे, नहीं लिया. फाइल में वो कागज़ रखना ही मत. चॉइस सेंटर से ऑनलाइन डाल, कौन देखने जा रहा है भंडारा?"

आई : "जाळून टाका तो कागद."

दोघींचं मत एकच आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं का? प्रामाणिकपणे, मला नाही माहीत. पकडलं गेलं तर सीट जाते, पुढची वर्षंही जातात. नाही पकडलं गेलं तर मी डॉक्टर.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकाईचे जीव हाती घ्याचे आहे तिले. अन् पयलीच सही खोटी कराची? नाई. मी जातो गावाले. रद्द करून आनतो."

बाबांनी तीस वर्षांत प्लांटच्या रजिस्टरात खोटी वेळ टाकली नाही म्हणतात. साथीदार चिडवायचे त्यांना त्यावरून. मला आज पहिल्यांदा त्याचा राग आला.

११ जुलै

बाबा परत आले. तीन दिवस रजा टाकून गेले होते. डोळे लाल.

तिथले साहेब म्हणाले, गावातलं राहणं सोडलं हे आधी कागदावर दाखवा. म्हणून बाबांनी रेशनकार्डावरून आमची नावं काढली. माझं एकटीचं नाही. आईचं, माझं, स्वतःचं.

मोठे बाबा म्हणाले, "नाव काढून राहिला म्हंजे वावरातला हिस्साबी सोडून राहिला का?" हे बाबांनी सांगितलं नाही. आईनं फोनवर मोठ्या आईकडून ऐकलं. त्या घरात बाबा जेवलेही नाहीत म्हणे, स्टेशनवर केळी खाल्ली.

हाताशी काय? दाखला रद्द करण्याच्या अर्जाची पोच. एक शिक्का, एक सही. आदेश नंतर निघेल. वरचे साहेब ट्रेनिंगला गेलेत.

पोच घेऊन इथल्या बाबूकडे गेलो. "आदेश लाइए. पावती से क्या होगा?"

बरोबर आहे त्याचं. सगळ्यांचंच बरोबर आहे. कुणाशी तरी नीट भांडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

२१ जुलै

पहिल्या राउंडची यादी. माझं नाव असणारच नव्हतं, तरी सगळी यादी वरून खाली वाचली. दोनदा.

दीप्तीला जगदलपूरचं मेडिकल मिळालं. अकरा मार्क कमी असून. तिनं घरी येऊन पेढा दिला, मी खाल्ला, गळ्यात पडले, खरंच पडले. तिचा काय दोष. ती म्हणाली, "तू सेकंड राउंड में आ जाना, हम रूम साथ लेंगे." मग मी बाथरूममध्ये नळ सोडून टॉवेल तोंडात धरला.

एक हलकट विचार आला : तिचंही काहीतरी अडकावं. लिहून ठेवते, म्हणजे मी कशी आहे ते पुढे विसरणार नाही.

३० जुलै

बाबा रोज अकरा वाजता तुमसरला फोन लावतात. घरी बोलतात तसं नाही, पुस्तकातल्यासारखं : "नमस्कार साहेब, मी भिलाईहून बोलतोय. माझ्या मुलीच्या अर्जाबद्दल विचारायचं होतं."

आज उत्तर : साहेब आले, पण फाइल टेबलावर नाही.

कॉलेजला गेले. थर्ड इयर सुरू झालंय. मॅडमनी हजेरी घेतली. माझ्या नावाला 'येस मॅम' म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली, बघितलं, आणि पुढचं नाव घेतलं. विचारलं नाही काही. बरं झालं.

पुन्हा एक वर्ष? नाही. मला पुन्हा फिजिक्सचं ते पहिलं पान उघडता येणार नाही. शरीरच नाही म्हणतं. कुणाला सांगितलं तर म्हणतील मेहनत कर. मेहनत संपली आहे माझ्यातली.

आई मागून आली, बाजूला बसली, म्हणाली, "पोरी, दुसरं काई करजो." मी म्हटलं, काय?  तिनं माझा हात हातात घेतला.

४ ऑगस्ट

तुमसरहून : "या आठवड्यात होऊन जाईल." मागच्या आठवड्यातही हेच.

दुसऱ्या राउंडच्या कागदपत्रांची मुदत बारा तारखेपर्यंत. दाखला निघायला चार-पाच दिवस. म्हणजे अर्ज सातला गेला तर गेला, नाही तर नाही.

बाबांनी आज जेवताना दोनदा विचारलं, "सातच ना?"

मी ३ जुलैच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "चूक माह्यीच होती. तू कायले मागते?" आणि भात वाढून घेतला. खाल्ला नाही.

७ ऑगस्ट, सकाळी

आदेश आलेला नाही. काल शेवटचा फोन केला, साडेपाच वाजता. कुणी उचलला नाही.

मी उठले तर बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार. आज फर्स्ट शिफ्ट होती, गेले नाहीत. टेबलावर कोरा फॉर्म नव्हता, भरलेला होता. काल चॉइस सेंटरमधून आणलेला. सगळा बाबांच्या अक्षरात, हिंदीत, एकही खाडाखोड नाही. कायमचा पत्ता : क्वार्टर नंबर, सेक्टर, भिलाई. फाइलही नव्यानं लावलेली. वरचा लॅमिनेट केलेला कागद तिच्यात नाही. तो कुठे आहे मी विचारलं नाही.

घोषणापत्राचं पान उघडून ठेवलेलं. मी ती ओळ वाचली.

"बाबा, हे खोटं आहे."
"मले मालूम आहे."
"तुमीच म्हनले होते..."
"म्हनलं होतं."

आई दारात. ती, जी जाळून टाका म्हणाली होती, तीच आता म्हणाली, "राहू द्या ना हो, एक दिवस आनखी फोन लावून पाहा." बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. पेन माझ्यासमोर ठेवलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

खाली दोन सह्यांच्या जागा आहेत. अर्जदार आणि पिता. पित्याच्या जागी त्यांनी सही करून टाकलेली आहे. पूर्ण नाव लिहून, तारीख घालून.

माझी जागा रिकामी आहे.

मला डॉक्टर व्हायचंय. अजूनही.  आणि मी नाही केली सही तर बाबांनी हे उगाचच केलं, आणि केली तर...

खिडकीतून दिसताहेत. स्कूटरजवळ उभे आहेत, पाठ घराकडे. स्कूटर सुरू आहे, हॉर्न वाजवत नाहीत. ते वाजवणार नाहीत, दिवसभर उभे राहतील पण वाजवणार नाहीत.

चॉइस सेंटरचा काउंटर साडेदहाला उघडतो. दहा वाजून दहा मिनिटं झालीत.