बोटाला न टोचणारी मशीन

शुक्रवार, संध्याकाळ. रोहण्याच्या गरोदर बायकांच्या तपासणी शिबिराहून आत्ताच आले.

रंजना आज रक्त तपासून न घेताच निघून गेली. सातवा महिना, पापण्या आतून पांढऱ्याफटक. रक्त कमी आहे हे दिसतच होतं, पण हिमोग्लोबिनचा आकडा हातात असल्याशिवाय घरचे तिला आर्वीच्या दवाखान्यात पाठवणार नाहीत. मी सुई काढली तशी तिनं मूठ आवळली.

"कापूस वेचून बोटं आधीच सोलली, मॅडम. त्यात तुम्ही टोचसान, त उद्या वेचू कशी? ते चिमट्यावाली मशीन काऊन नेली जी?"

ती मशीन परत पाठवा, हे आरोग्य खात्याला दिलेलं मत माझंच. बोटाला चिमटा लावायचा, रक्त न काढता आकडा दिसायचा. मी तिच्यावर झालेले अभ्यास वाचले, इथल्या बायकांवरही ताडून पाहिलं. चिमट्याचा आकडा चुकायचा, सुईचा बरोबर यायचा. अहवालात तसंच लिहिलं. त्यात खोटं काहीच नाही.

मग ती आवळलेली मूठ डोळ्यांसमोरून हलत का नाही?

ताडून पाहिलं ते उन्हाळ्यात. शेतात कापूस नव्हता, बोटं धड होती, बायका निमूट टोचून घेत होत्या. वेचणीच्या दिवसांत हात पुढे कोण करेल, हे विचारायचं मला सुचलंच नाही. चिमट्याचा आकडा चुकला असता, पण रंजना मूठ उघडून समोर बसली तरी असती. पुढचं समजावता आलं असतं.

सुई बिनचूक आहे. आज दिवसभरात ती एकाही बोटाला लागली नाही.