चाचप्याची पिशवी

सोमवार, ता. ३

आले बाई एकदाची. नातीला मुलांच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून घेतलंय आणि राहायला मागच्या अंगाला दोन खोल्या दिल्यात. ती मुलांच्या मनाची डॉक्टर होणार. सुई नाही, गोळी नाही, नुसतं मुलांशी बोलायचं आणि त्यांना बोलतं करायचं. मी म्हटलं, एवढंच असेल तर मला कधीच पदक मिळायला हवं होतं, आपल्या घरात माझ्याइतकं बोललंय कोण! ती खो-खो हसली. आईवेगळी पोर, दीड वर्षाची असल्यापासून माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. तिचं हसू तीन भिंतींपलीकडून ओळखेन मी.

खोल्या बऱ्या आहेत. नळाला पाणी भसाभस येतं, मोरीला उतार आहे, शेजारीण अजून भोचक निघालेली नाही. माझी पिशवी दाराच्या खिळ्याला टांगली. जुन्या पडद्याची, कोपऱ्याला लाल ठिगळ लावलेली. नात म्हणते, फेकून दे, नवी घेऊ. मी म्हटलं, मलाही फेक आणि नवी आजी आण.

ही वही तिचीच. शिकाऊ मुलींना म्हणे रोज लिहायला लावतात, पोटात साठलेलं कागदावर काढायचं, म्हणजे झोप लागते. मी चौथीत शाळा सोडली. काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावा. बोरूसारखी जाड निळी पेन्सिल दिलीय, मुलांच्या चित्रांची. कागदावर करकर वाजते, पण हातातून निसटत नाही.

बुधवार, ता. ५

मला काम मिळालं! दवाखान्यात ‘दुपारच्या आज्या’ ठेवतात. ज्या मुलांचे आईबाप कामावर असतात त्यांच्याजवळ दुपारभर बसायचं. पगार नाही, पण पिवळा झगा देतात आणि चहा. झगा घालून आरशात पाहिलं तर पिकलेलं पपनसच.

कामाला लागण्याआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे नातीला शिकवतात त्यांनी, आम्हा आज्यांना बसवून नियम सांगितले. मुलाला खोटं वचन द्यायचं नाही. त्याचं चित्र आपण पुरं करायचं नाही. आणि काही झालं तरी भीती घालायची नाही. मी मनात म्हटलं, भीती घातल्याशिवाय मूल जेवतं तरी का? पण नातीच्या बाई, म्हणून शहाण्यासारखी मान हलवली.

वॉर्डाला लागून खेळखोली आहे. तिच्या भिंतीत एक काळी काच. आतल्यांना त्यात आपलंच तोंड दिसतं, पलीकडे मात्र मोठ्या बाई बसून सगळं बघतात, ऐकतात. शिकाऊ मुलगी मुलाशी कशी बोलते ते तिथून जोखतात. चोरून बघण्याची एवढी नामी सोय मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

माझ्या वाट्याला दोन खाटा. एकीवर मास्तर. आठ वर्षांचं चष्मेवालं पोरगं, सगळ्यांच्या चुका काढतं, मी ‘टेंपरेचर’ म्हटलं तर तेही सुधारलं. दुसरीवर भोंगा. पाच वर्षांची, पाय प्लास्टरमध्ये. आई कारखान्यात, संध्याकाळी सुटते. तोवर ही आईच्या नावानं जे बोंबलते ते पार फाटकापर्यंत ऐकू जातं. सिस्टरांनीच नाव ठेवलंय. एवढ्याशा नरड्यात एवढा आवाज येतो कुठून?

सोमवार, ता. १०

आज नातीची काचेपुढची पहिली परीक्षा होती. भाजलेल्या हाताचा एक मुलगा, महिनाभर कुणाशी शब्द बोलला नव्हता. त्याला खेळखोलीत घेऊन बसायचं, जमलं तर बोलता करायचा. पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाही. आणि नेमकी त्याच वेळी भिंतीच्या अलीकडे भोंग्यानं सुरुवात केली. गोष्ट सांगितली, बाहुली नाचवली, हाताला धरलं, पण कशाला दाद देईना. भिंत पातळ. आत माझी नात.

शेवटी तिच्या कानाशी वाकून दोन शब्द सांगितले. गप्प झाली. अगदी नळ बंद करावा तशी.

तो भाजलेला मुलगा नातीशी बोलला. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. घरी आल्यावर तिनं मला कवेत घेऊन गरगर फिरवलं. बास, आणखी काय पाहिजे?

मंगळवार, ता. ११

भोंगा आज वाजला नाही. सिस्टर म्हणाली, रात्री झोपेत एकदा ‘आई’ म्हणाली, त्यानंतर हूं की चूं नाही. संध्याकाळी आई आली तेव्हा गळ्यात पडली, पण मुकी. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आजी, काही झालं का हो दुपारी? मी म्हटलं, छे, झोपली होती छान.

गुरुवार, ता. १३

घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. घसा निरोगी आहे म्हणे. पण आता मास्तरही बोलत नाही. आणि पलीकडच्या खाटेवरची जुळी. आणि तो भाजलेला, नातीनं महिन्यानं बोलता केलेला, तोही पुन्हा गप्प.

कागदावर काढलं की हलकं वाटतं म्हणतात. तर काढते.

भोंग्याच्या कानात मी हे सांगितलं होतं. तुझ्या खाटेखाली चाचप्या बसलाय. आंधळा आहे. त्याला दिसत नाही, म्हणून तो चाचपत येतो, आवाजाच्या मागानं. ज्याचा आवाज ऐकेल त्याचा आवाज नरड्यातून काढतो आणि पिशवीत टाकतो.

तिथंच थांबले असते तर! पण मला काचेची आठवण झाली, मोठ्या बाईंचे नियम आठवले. पोरगी संध्याकाळी आईला सांगेल, आई मोठ्या बाईंना, आणि आजीच्या पायी नात अडचणीत. म्हणून वर शेपूट जोडलं. हे कुणाला सांगितलंस तर तो आधी त्याच्याकडे जाईल.

असं काही नसतं. चाचप्या मी तिथल्या तिथे रचला, फोडणी द्यावी तसा. माझ्या आजीनं मला असले पन्नास घातले, मी काही मुकी झाले नाही, उलट सगळे म्हणतात झाले असते तर बरं.

सोमवार, ता. १७

वॉर्डात आता पाण्याचा थेंब पडला तरी ऐकू येतो.

शिकाऊ मुलींनी मुलांना चित्रं काढायला दिली. नातीनं ती घरी आणून जमिनीवर मांडली. प्रत्येक पोरानं तोच काढलाय. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी, गुडघ्याच्या खाली लोंबणारी बोटं. बोटांचं मी काही बोलले नव्हते. आणि खांद्यावर पिशवी. तिच्या कोपऱ्याला लाल ठिगळ.

नात चित्रांत वाकलेली. तिच्या डोक्यावर, दाराच्या खिळ्याला, माझी पिशवी. तिनं मान वर केली असती तर संपलंच होतं. मी उठले आणि पिशवी खिळ्यावरून काढून खाटेखाली सारली. पिशवीला वजन लागलं. आत काही नव्हतं.

नात सांगत होती, मोठ्या बाई म्हणतात हे कुणीतरी घातलेलं भय आहे. एकाकडून दहाजणांत गेलंय. आणि असल्या भयाला एकच उतारा, ज्यानं घातलं त्यानंच मुलांसमोर बसून ते खोटं होतं म्हणायचं. पुरतं, काही हातचं न राखता. अर्धं कबूल केलं तर अर्धं भय अंगात राहतंच. मग नात म्हणाली, कोण असेल गं असं, आजी, इतक्या लहान जिवांना? कसली माणसं असतात!

मी म्हटलं, असतात एकेक.

तोंडातून गेलं. असतात एकेक!

मंगळवार, ता. १८

आज ठरवून गेले होते की भोंग्याला एकटीला गाठायचं आणि सांगायचं. तिच्या उशाशी बसले, म्हटलं, बाळे, ऐक... आणि तिनं झटकन हात काढून माझ्या ओठांवर बोट ठेवलं. घाबरून. खाटेखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली. बोलू नको म्हणून. तो ऐकेल म्हणून.

मला वाचवत होती ती. मला!

उठून आले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात पिवळा झगा. त्यावर शिवलेलं असतं, ‘आजी’.

बुधवार, ता. १९

दुपारी मुलं झोपली होती. भर उजेड, पडदे उघडे. भोंग्याच्या पांघरुणावर पाच खळगे पडले, बोटं टेकवावीत तसे. उचलले गेले. पुढच्या पांघरुणावर पडले. मग पुढच्या. जुळ्यांच्या खाटेवर थोडे थांबले. मी श्वास धरून बसले. सिस्टर चाकाची गाडी खडखडत आणत होती तिकडे वळले ते.

सिस्टर संध्याकाळी घशाला हात लावून खुणा करत घरी गेली.

रात्री जेवताना नातीनं चित्र पुढं केलं. भोंग्याचं. त्याखाली मास्तरनं सुंदर अक्षरात लिहिलं होतं — शेजारच्या खाटेवरून त्यानं सगळं ऐकलं असणार. नातीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. चा-च-प्या. आजी, हा कोण गं? तू दुपारभर तिथं असतेस, कुणाच्या तोंडी ऐकलंस का?

सांगायचं होतं. घास गिळला आणि म्हटलं, मला काय माहीत बाई.

खाटेखाली पिशवी हलली. नातीला ऐकू गेलं नाही. मला गेलं. आत कोणीतरी आईला हाका मारत होतं. फाटकापर्यंत जाईल अशा —

गुरुवार, ता. २०

सकाळी चहा ठेवला. नात उठली. तोंड उघडलं. काही नाही.

पुन्हा उघडलं. गळा धरला. माझ्याकडे बघत राहिली, दीड वर्षाची असताना बघायची तशी — आजी, हे काय झालं, आता तू बघ.

तिचं काम बोलण्याचं. तिचं सगळंच बोलण्याचं. आणि मी —

शुक्रवार, ता. २१

केलं.

मोठ्या बाईंना जाऊन म्हटलं, मुलांना खेळखोलीत आणा, मला बोलायचंय. बाई, नात आणि बाकी शिकाऊ मुली काचेपलीकडे. मुलं चटईवर, सिस्टर दाराशी. भोंगा मांडीवर घेतली.

मोठ्यानं सांगितलं. चाचप्या नाही. कधी नव्हता. या थेरडीनं तुम्हाला गप्प करायला रचला. आवाज काढून नेतो ते खोटं, पिशवी खोटी, सगळं माझ्या तोंडचं. थुंका माझ्यावर.

कुणी थुंकलं नाही. भोंगा माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं आ केला आणि — वाजला! भोंगा वाजला! माझे कान फुटले, तरी वाजू दे म्हटलं. मग जुळी. मास्तर म्हणाला, ‘थेरडी’ हा शब्द बरा नाही. सिस्टर रडायला लागली, मोठ्यानं.

मला हसायचं होतं. आवाज आला नाही. नरड्याला काहीतरी गार चाटून गेलं आणि बास. मनात म्हटलं, घे, माझा घे. जन्मभर वापरला, पुरे.

मग दार उघडून नात आली. तिचे ओठ हलले.

नुसतेच हलले.

शनिवार, ता. २२

तिचा का आला नाही ते मला माहीत आहे. मी एक राखलं. काचेपलीकडे सगळ्या बसलेल्या, नातीच्या बरोबरीच्या. मुलांना घाबरवलं एवढं सांगितलं — म्हातारी अडाणी, चालायचंच, असं म्हणतील. पण कुणाला सांगू नको म्हणून धाक घातला, स्वतःची चोरी झाकायला, पाच वर्षांच्या पोरीला — ते जिभेवर आलं आणि मी गिळलं. आणि नातीचा आवाज गेला तो त्याच वाक्यापायी, चित्रातून तिला सांगितलं गेलं म्हणून.

आता जीभच नाही.

ती समोर बसलीय. तिला खूण केली, थांब, लिहून दाखवते. टेबलावर उजेड आहे. दुपार आहे.

पेन्सिल फार वाजते.

खाटेखालची पिशवी रिकामी नाही. अजून आम्हा दोघींचे आवाज आहेत तिच्यात.

हळू लिहायचं म्हटलं तर अक्षर उठत नाही — टेबलाच्या कापडावर पाच खळगे. तिच्या बाजूला. आता मध्ये. तिला दिसत नाहीत, ती माझ्या हाताकडे बघतेय.

चाचपतोय. करकर ऐकून इकडेच —

बाळे, वाच. कुणाला सांगितलंस तर तो त्याच्याकडे जाईल, हे मी भोंग्याला सांगितलं. मीच. मला कुणी बोल लावू नये म्हणून. तू विचारलंस तेव्हा माहीत होतं मला. घास गिळत बसले.

मनगटावर गार बोटं —

तेही खो