बाबा, काल मी थांबले नाही

प्रिय बाबा,

काल आईला हॉस्पिटलात न्यावं लागलं. घाबरू नका, ती ठीक आहे. मी मात्र पार गळून गेलेय. आज ऑफिसला दांडी मारली आणि तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमचा राग आलाय.

दुपारी जेवून उठताना ती छातीवर हात ठेवून मटकन बसली. मी फोन उचलला तर म्हणते कशी, "थांबू या जरा. गॅस असेल."

तुमचंच वाक्य! गेल्या वर्षी याच फ्लॅटमध्ये, याच सोफ्यावर तुम्ही हेच म्हणाला होतात. आम्ही थांबलो. संध्याकाळी तुम्ही नव्हतात.

त्या वाक्याचा केवढा दबदबा होता आपल्या घरात! सरहद्दीवरचं तुमचं रडार स्टेशन, पडद्यावर आपल्या दिशेने येणारे ठिपके, दोन्ही देशांकडे अणुबॉम्ब, आणि हाताखालची माणसं "सर, वर कळवू या" म्हणून घायकुतीला आलेली. तुम्ही म्हणालात, थांबू या जरा. यंत्राचा घोळ निघाला, ठिपके विरून गेले. वेळेत कळवलं नाही म्हणून बोलणी मात्र तुम्हीच खाल्लीत, बढतीही हुकली. आईने ते कधी विसरू दिलं नाही. तुम्ही चहा फुंकून पीत राहिलात.

इथे सिंगापुरात, पुंगोलला पाण्याकाठी फिरताना तुमच्या नातीने, मनवाने विचारलं होतं, "सो यू डिड नथिंग, आजोबा?"

"काही नाही. बसून राहिलो."

"दॅट्स ऑल, आह?"

"दॅट्स ऑल, लाह!" असं तिच्याच सिंगापुरी सुरात म्हणून तुम्हीच आधी हसलात.

एक विचारू? लाखो अनोळखी माणसांसाठी थांबलात, ते बरोबरच. पण आमच्यासाठी एकदा घाई केली असतीत तर काय बिघडलं असतं? तुमचा अभिमान बाळगून बाळगून थकलेय मी, बाबा.

काल मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आई स्ट्रेचरवरूनही कुरकुरत होती, "अगं, शेजारचे काय म्हणतील!" सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "ओन्ली गॅस, आंटी. कॅन गो होम."

"बघ! तुझे बाबा असते तर..." म्हणता म्हणता आईने माझा हात धरला. टॅक्सीत घरी येईपर्यंत तिने तो सोडला नाही.

पडद्यावरचे ते ठिपके खोटे निघाले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? कधी विचारायचं सुचलंच नाही. मी तर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडले.

आता वचन देते. ऑफिसात कुणी कितीही आरडाओरडा करो, मी तुमच्यासारखी शांत बसेन. पण घरात कुणाचा हात छातीवर गेला, तर नाही थांबणार. दरवेळी गॅसच निघाला, सगळी बिल्डिंग हसली तरी चालेल. तुम्ही स्वतः येऊन "थांबू या जरा" म्हणालात ना, तरी नाही!

तुमची,
अश्विनी