धक्का न मारता

प्रिय दादा,

"हिच्यात आता जीव नाही, भंगारात दे," म्हणत तुझी लाडकी जुनी गाडी माझ्या गळ्यात मारून तू परदेशात गेलास. नाही दिली! कार्ब्युरेटर मीच उघडून साफ केला. तू दर वेळी ॲक्सिलरेटर दाबदाबून इंजिनात पेट्रोल तुंबवायचास आणि आम्ही मायलेकी घामाघूम होऊन धक्का मारायचो. आज मी नुसता चोक ओढला, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात चालू! सवयीने मागे उभ्या राहिलेल्या आईचे हात हवेतच राहिले. चक्कर मारून आले, तर ती ऐटीत पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "दादाला कळवू नकोस हं. हक्क सांगायला धावत येईल."

म्हणून हे पत्र गाडीच्याच खणात ठेवतेय.

तुझी,
स्टिअरिंगवर बसलेली बहीण